मंदीत गाईडने फी उतरवावी का? की सरळ कामच बदलावं?

दगडी_जिना:

नमस्कार मंडळी. मी स्थानिक गाईड आहे. परवाना आहे, दोन परदेशी भाषा येतात आणि हे काम मी ठरवून निवडलेलं आहे. जुनं शहर, तटबंदी आणि संग्रहालय ही माझी नेहमीची वाट.

यंदा सीझन तोंडावर आला तरी वही कोरी आहे. ठरलेल्या ग्रुपांपैकी निम्मे गळाले, उरलेल्यांचं "बघू, कळवतो" चाललंय. जिथे मोठी बस भरून यायची तिथे आता छोटी गाडी येते आणि तिच्यातही जागा रिकाम्या असतात. विमानभाडी, बातम्या, लोकांच्या नोकऱ्यांची धास्ती. प्रत्येकजण वेगळं कारण सांगतो. मला कारणांची चर्चा नकोय, मार्ग हवाय.

ज्यांच्याकडून मला सर्वांत जास्त काम येतं त्या एजंटनी विचारलंय, निम्म्या फीवर कराल का? "सध्या सगळेच करतायत," असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे का हे कळायला मला मार्ग नाही, कारण आम्ही गाईड एकमेकांना फी सांगत नाही. दुसऱ्या एकाने तर फी काहीच नाही, ग्रुप दुकानात नेला की विक्रीवर कमिशन, असा प्रस्ताव ठेवलाय. आणि घरच्यांचं म्हणणं, आता नियमित पगाराचं काहीतरी बघ. ते काही चुकीचं बोलत नाहीत. पण एकदा यातून बाहेर पडलं की परत येता येतं का?

हे काम का सोडवत नाही तेही सांगते. परवा बाराजणांच्या जागी दोघंच आले. आमच्या तटाच्या आतल्या अंगाला काही दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. कुठे बाण, कुठे एकमेकांत अडकलेले त्रिकोण. भर दुपारी त्या दिसतच नाहीत. सकाळचं ऊन भिंतीला घासून येतं तेवढ्या वेळात खाचेत सावली भरते आणि खूण उठून दिसते. मोठा ग्रुप असला की मी तिकडे वळत नाही. एवढी माणसं त्या बोळात मावत नाहीत आणि शेवटचा माणूस पोचेपर्यंत ऊन सरकलेलं असतं. परवा आम्ही तिघं उकिडवे बसून खुणा शोधत होतो. त्यांतल्या बाईंनी मला एक खूण दाखवली, जी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. असा दिवस गेला की दुसरं काही करावंसंच वाटत नाही. पण असे दिवस महिन्याला किती येणार?

ज्यांनी आधीच्या मंद्या काढल्यात त्यांनी मोकळेपणानं लिहा.

चार_पावसाळे:

ताई, २००१ च्या सप्टेंबरनंतरची पडझड, २००८-०९ ची आणि २०२० ची, या तिन्ही मी याच कामात राहून काढल्या. तेव्हा जे पाहिलं ते लिहितो.

आधी आपली मंदी कुठल्या जातीची आहे ते बघा. २००९ मध्ये जगभरातली आंतरराष्ट्रीय पर्यटकसंख्या साधारण ४ टक्क्यांनीच घटली होती. कागदावर किरकोळ वाटतं, पण ज्याचे सगळे पाहुणे एकाच देशातून येत होते त्याची वही त्या वर्षी पार रिकामी होती. २०२० ची गोष्टच वेगळी. २०१९ मध्ये जगात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, २०२० मध्ये ते जेमतेम ४० कोटींवर आले. तिथे कोणाचं कसब, कोणाची भाषा, कशालाच अर्थ उरला नाही. २०२४ मध्ये आकडा पुन्हा १४० कोटींच्या घरात पोचला, म्हणजे सावरायला चार वर्षं लागली.

एखाद्या देशापुरती आपत्ती असली की आणखी वेगळं चित्र दिसतं. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ चा भूकंप झाला, त्या वर्षी परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ७ लाख ९० हजारांवरून साधारण ५ लाख ४० हजारांवर आले. २०१७ मध्ये ते ९ लाख ४० हजार होते. याउलट इजिप्त. २०१० मध्ये तिथे १ कोटी ४७ लाख लोक गेले, २०११ च्या उलथापालथीत ते १ कोटीच्या खाली घसरले आणि २०१० चा आकडा ओलांडायला २०२३ उजाडलं. दोन वर्षं काटकसरीत निघतात. तेरा वर्षं नाही निघत. तुमचे पाहुणे नेमके कुठून येत होते, ते तिकडेच घरी बसलेत की दुसऱ्या देशात चाललेत, हे एजंटला स्पष्ट विचारा. घरी बसले असतील तर येतील. वाट बदलली असेल तर नवी भाषा किंवा नवा पाहुणा शोधावा लागेल.

आता फी. माझं मत ठाम आहे: दिवसाची फी उतरवू नका, दिवस छोटा करा. पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस, अर्ध्याऐवजी दोन तास, आणि त्या प्रमाणात पैसे. म्हणजे एजंटचा खर्च वाचतो आणि तुमच्या तासाची किंमत जागेवर राहते. आपल्या धंद्यात दर वर्षाच्या कराराने ठरतात. यंदा निम्म्यावर सही केलीत की पुढच्या वर्षी बोलणी तिथूनच सुरू होणार, तेव्हा बस भरून येत असली तरी. आणि सबंध पॅकेजच्या किमतीत विमान आणि हॉटेलपुढे गाईडची फी असते केवढीशी? ती निम्मी केल्याने एकही माणूस जास्त येत नाही. वाचलेले पैसे मधल्यामध्ये राहतात.

त्याहून मोठा धोका उधारीचा. मंदीत एजंट बुडाला तर केलेल्या कामाचे पैसे शेवटच्या रांगेत जातात. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक बंद पडली, १७८ वर्षांची कंपनी (भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नव्हता). जगभर जवळपास सहा लाख पर्यटक वाटेत अडकले. त्यांना परत आणायची सोय झाली, पण स्पेन-ग्रीसमधल्या हॉटेलवाल्यांची ऐन उन्हाळ्याची बिलं तशीच राहिली. एवढ्या मोठ्या नावाचं असं होतं तर छोट्यांचं बोलायलाच नको. म्हणून थोडी सवलत द्यावी लागली तरी चालेल, पण ॲडव्हान्स घ्या आणि "४८ तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण फी" हे वाक्य व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. फोनवरचा शब्द मंदीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

कमिशनवाल्या प्रस्तावाला सरळ नाही म्हणा. त्यात पाहुण्यापेक्षा तुमचं जास्त नुकसान आहे. फी नसली की वाटेतलं प्रत्येक वळण दुकानाकडे झुकायला लागतं. संग्रहालयात वीस मिनिटं कमी करावीशी वाटतात, कारण दुकानात वीस मिनिटं जास्त हवी असतात. पाहुणा अडाणी नसतो. गाईडची नजर घड्याळाकडे कधी जाते ते त्याला कळतं. आणि तुमच्या त्या दगडांवरच्या खुणा कायमच्या गेल्या, कारण उकिडवं बसून काही विकलं जात नाही.

बस्ता_बांधून:

मी सोडलं. २०२० नंतर वाट पाहिली, मग सोडलं आणि आज मी त्यात समाधानी आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा चर्चेत राहिलेलेच लोक जास्त बोलतात.

गाईडला जे येतं ते बाहेर विकलं जातं, फक्त त्याचं नाव बदलावं लागतं. अनोळखी माणसांसमोर दोन तास न अडखळता बोलणं, वेळ पाळणं, भांडणारा प्रवासी शांत करणं, दोन भाषांत एकाच वेळी विचार करणं. मला एका कंपनीत नव्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं काम मिळालं. मुलाखतीत मी "गाईड होतो" एवढंच म्हणालो नाही. विमान सहा तास उशिरा आल्यावर दमलेल्या तीस लोकांचा दिवस कसा पुन्हा बसवला, ते सांगितलं.

परत येता येतं का? येतं, पण परवाना जिवंत ठेवला तर. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, उजळणीचे वर्ग असतील तर ते करा आणि अधूनमधून सुट्टीच्या दिवशी एखादी सफर घ्या. महिनोन्महिने न बोललेली भाषा सर्वांत आधी गंजते. इतिहास त्यामानानं टिकतो. आणि घरच्यांशी एक मुदत ठरवा. "बघू" म्हणत राहिलं की त्यांचाही जीव टांगणीला आणि आपलाही.

रिटर्न_तिकीट:

मी टेबलाच्या पलीकडे बसते, एका टूर कंपनीत ऑपरेशन्सला. ग्रुप ठरला की गाईडला फोन करणारी ती मीच. चार_पावसाळे दादांचं बरंचसं पटलं, एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे.

सवलत अजिबात देऊ नका असं मी म्हणणार नाही. मंदीत हॉटेल देतं, बसवाला देतो, त्यात एकटा गाईड ताठ राहिला तर आमच्या साहेबांच्या डोळ्यांवर येतो. पण द्यायची कशी ते महत्त्वाचं. बिलावर पूर्ण फी लिहा, त्याखाली "या सीझनपुरती विशेष सवलत" अशी वेगळी ओळ टाका आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी आमच्याकडे जुनी फाईल उघडली जाते तेव्हा पूर्ण फीचा आकडा समोर येतो. नुसती कमी रक्कम लिहिलीत तर तोच तुमचा दर होतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, फाईल बघणारा माणूस दरवेळी नवा असतो.

"सगळेच निम्म्यात करतायत" हे वाक्य आमच्याकडूनही जातं. ते ऐकून घाबरू नका. तुमच्या भाषेचे गाईड मुळात किती आहेत ते मोजा. हाताच्या बोटांवर मावत असतील तर तुम्हाला आम्ही सोडू शकत नाही, आणि हे आम्ही स्वतःहून तुम्हाला सांगणार नाही.

काम पुन्हा सुरू होतं तेव्हा आम्ही कोणाला बोलावतो? सर्वांत स्वस्त गाईडला नाही. २०२० नंतर ग्रुप परत यायला लागले तेव्हा माझ्या यादीतले बरेच नंबर बंद होते, काहीजण दुसऱ्या कामाला लागले होते, काहींनी "हो" म्हणून आदल्या संध्याकाळी नकार दिला. ज्यांनी मधल्या काळात दोन-तीन महिन्यांनी साधा निरोप पाठवला होता, त्यांना पहिला फोन गेला. संग्रहालयाचं नवं दालन उघडलं, तटाचा अमुक भाग दुरुस्तीसाठी बंद आहे, तिकीट आता ऑनलाइनच मिळतं, असल्या बातम्या. आम्हाला त्या खरोखर लागतात. शुभेच्छांची चित्रं कोणी पाठवू नका, ती आम्ही बघत नाही.

आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी लगेच "नाही" म्हणणारा गाईड आम्हाला फार मोलाचा वाटतो.

दगडी_जिना:

सगळ्यांचे मनापासून आभार. बिलावरची ती वेगळी ओळ मला सुचलीच नसती. कमिशनवाल्यांना आज नाही कळवलं. एजंटना अर्ध्या दिवसाचा प्रस्ताव पाठवतेय, ॲडव्हान्सच्या अटीसकट. आणि बस्ता_बांधून, तुमचं लिहिणं मी घरी वाचून दाखवलं. मुदत ठरवू या, असं आमचंही ठरलंय.

आता पुढचा प्रश्न. बाहेरचे पाहुणे नाहीत तर इथल्याच लोकांना फिरवावं असं डोक्यात आहे. पण मी एकदोघांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही इथेच जन्मलो, आम्हाला काय दाखवणार?" हे कोणी करून पाहिलंय का? आणि ऑनलाइन सफरींचं काय?

चार_पावसाळे:

ताई, केलंय, आणि मंदीतलं माझं सर्वांत चांगलं काम तेच होतं असं मी म्हणेन.

इथल्या माणसाला परदेशी पाहुण्याची सफर स्वस्तात द्यायला गेलात तर तो पुन्हा येणार नाही. कोणी बांधलं, केव्हा बांधलं, उंची किती, हे त्याने शाळेत ऐकलंय किंवा ऐकलंय असं त्याला वाटतं. परदेशी पाहुण्याला दोन तासांत अख्खं शहर हवं असतं. इथल्याला एकच गल्ली द्या, पण ती पूर्ण द्या. एक तास आणि एकच विषय. पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं. बंद दारं आणि ती का बंद आहेत. तुमच्या पाथरवटांच्या खुणा तर तयार सफरच आहे: सकाळची ठरावीक वेळ, मोजकी माणसं, प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल, दिसेल ती खूण उतरवून घ्यायची. पुष्कळ ठिकाणी त्या खुणा कोणी किती दगड घडवले याच्या हिशेबासाठी असत, मजुरी त्यावर ठरे. हे सांगितलं की कामगार असो, कारकून असो, डॉक्टर असो, जो तो भिंतीजवळ सरकतो.

दुसरा मोठा फरक म्हणजे इथला माणूस तुम्हाला दुरुस्त करतो. "ते दार मी लहान असताना उघडं असायचं." "इथे विहीर होती, आमच्या आजीने पाहिलेली." परदेशी पाहुण्यासमोर आपण शेवटचा शब्द असतो, इथे नसतो. सुरुवातीला अवघड जातं. पण वही जवळ ठेवा. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं तिथल्या तिथे टिपून घ्या, नंतर जुन्या नकाशाशी, जुन्या फोटोंशी ताडून बघा. सगळंच खरं निघत नाही, पण जे निघतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं. पाहुणे परत आले तेव्हा माझ्या सफरीचा सर्वांत जिवंत भाग या टिपणांतूनच आला होता.

शाळांकडे जा, पण मुख्याध्यापकांना "इतिहासाची सहल" म्हणून विकू नका, ती त्यांच्याकडे असतेच. भूगोलाच्या बाईंना भेटा, चित्रकलेच्या सरांना भेटा. दगड कुठल्या खाणीतला, उतार कसा मोजला, कमानीचा मधला दगड काढला तर काय होईल, यावर मुलं ताठ बसतात. शाळांचं काम सीझन नसताना मिळतं हा त्यातला मोठा फायदा.

ऑनलाइनबद्दल. एप्रिल २०२० मध्ये फॅरो बेटांच्या लोकांनी एक सुंदर गोष्ट केली होती. गाईडच्या हेल्मेटला कॅमेरा लावला आणि घरात अडकलेला प्रेक्षक फोनवरच्या बटणांनी त्याला डावीकडे वळ, पुढे जा, पळ, उडी मार असं सांगायचा. त्या काळात असल्या सफरींना माणसं मिळायची, कारण घराबाहेर पडायची सोयच नव्हती. दारं उघडली आणि लोकांना पायाने चालायचं होतं. आज पोटासाठी त्यावर विसंबू नका. दोन ठिकाणी मात्र त्याचा उपयोग आहे: ज्यांना चढ-उतार झेपत नाही अशा वयस्कर लोकांसाठी, आणि यायचं की नाही हे ठरवत असलेल्या ग्रुपला दहा मिनिटांची चुणूक द्यायला. चुणूक फुकट द्या, सफर नको.

दगडी_जिना:

खुणांची सफर याच आठवड्यात ठरवते. आधीचे दोन दिवस सकाळी एकटीच जाऊन ऊन नेमकं किती वाजता कुठल्या दगडावर येतं ते टिपून ठेवीन. फक्त एक सांगा, पैसे माणशी घ्यायचे की ग्रुपचे? आणि सफर झाल्यावर ज्याला जे वाटेल ते द्या, असंही करतात ना काहीजण?

रिटर्न_तिकीट:

"वाटेल ते द्या" मोठ्या शहरांत चालतं, कारण तिथे रोज नवे लोक येतात आणि माणसांची संख्याच मोठी असते. तुमच्या ओळखीतल्या माणसांना तसं सांगितलंत तर तेच अवघडतील, किती द्यावं कळत नाही म्हणून पुन्हा यायचं टाळतील. आकडा आधी सांगा.

चार_पावसाळे:

बरोबर. आणि सुरुवातीला ग्रुपचे घ्या. एका माणसाने नाव नोंदवायचं, पैसे त्याने द्यायचे, सोबत आठ येवोत की बारा. म्हणजे कोणी आयत्या वेळी गळालं तरी तुमची सकाळ वाया जात नाही आणि माणसं जमवायचं काम तोच करतो. बाराच्या वर मात्र घेऊ नका. त्या बोळात माइक लावावा लागला तर मजा गेली, आणि मागच्याला खूण दिसेपर्यंत ऊन वर गेलेलं असेल. ढगाळ दिवस निघाला तर काय करायचं तेही नोंदणीच्या वेळीच लिहून ठेवा: हातात चांगला टॉर्च ठेवा, भिंतीला चिकटवून तिरपा धरला की तेच काम होतं.